एकाच बाजूचं अर्थिंग

प्रिय रघू,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकशील. तुझा नंबर आहे माझ्याकडे, दिवाळीला मेसेजही टाकतो. पण फोनवर आपण दोघं "काय, बरं आहे ना?" "हो, बरं आहे" याच्या पुढं सरकत नाही. आणि मला जे सांगायचंय त्यात तू मध्येच "जाऊ दे रे दत्त्या" म्हणालास, तर मला पुढं बोलता यायचं नाही. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

तब्येत बरी आहे. साखर ताब्यात आहे, सुमनचे गुडघे पाऊस आला की कुरकुरतात, एवढंच.

आपल्या ओंकारची निवड झाली. विद्युत सहाय्यक. 1 तारखेला हजर व्हायचंय. घरात पेढे वाटून झाले, भावकीतले फोन येऊन गेले, सुमनने कुलदैवताला अभिषेकसुद्धा बोलला. आणि मला गेले आठ दिवस झोप नाही. रात्री दोन-अडीचला उठतो, ओंकारच्या खोलीचं दार ढकलून बघतो. पोरगा पालथा झोपलेला असतो, एक हात खाली लोंबत. लहानपणापासून तसाच झोपतो. तो लोंबणारा हात मला बघवत नाही. मी जाऊन उचलून गादीवर ठेवतो आणि परत येऊन पडतो. का ते तुला सांगायला नको. दुसऱ्या कुणाला सांगून कळणारही नाही.

तरी हे सगळं मी कदाचित गिळून टाकलं असतं. पण परवा रविवारी ओंकारने एक सिनेमा लावला. 'द करंट वॉर'. म्हणाला, "बाबा, तुमच्या धंद्याचाच आहे, बघा." एडिसनची डीसी वीज विरुद्ध वेस्टिंगहाउसची एसी, आणि टेस्ला. 2017 मध्येच तयार झाला होता म्हणे, पण निर्मात्याची भानगड बाहेर आली आणि दोन वर्षं डब्यात पडून राहिला. सुरुवातीलाच असं आहे की वेस्टिंगहाउसने एडिसनला जेवायला बोलावलंय, सगळी तयारी झालीये, आणि एडिसनची गाडी न थांबता निघून जाते. मी रिमोट घेतला आणि थांबवलं. ओंकार म्हणाला, "आत्ताच तर सुरू झालाय, काय झालं?" मी म्हटलं, पाणी आण.

रघू, 2011 साली तू कोल्हापूरला चालला होतास. आदल्या दिवशी निरोप दिलास, 'कोयनाने येतोय, कऱ्हाडला गाडी थांबते, प्लॅटफॉर्मवर ये, उभ्या उभ्या भेटू.' मी नंतर सांगितलं, सबस्टेशनला ट्रिपिंग होतं, निघता आलं नाही. खोटं होतं ते. मी आलो होतो. स्टेशनच्या बाहेर चिंचेखाली स्कूटरवर बसून होतो. गाडी आली. तू दारात उभा होतास, हातात पेढ्यांची पिशवी, आणि पुलाकडं बघत होतास, कारण मी नेहमी पुलावरूनच येतो. गाडी सुटेपर्यंत तू आत गेला नाहीस. सिनेमात निदान गाडी तरी थांबली नव्हती.

पाणी पिऊन पुढं बघितला. तू असतास तर पहिल्या अर्ध्या तासात एडिसनच्या बाजूने टाळ्या वाजवल्या असत्यास! आयटीआयच्या हॉस्टेलवर तुझं एकच पालुपद, "डीसी म्हणजे सरळ माणूस, एका दिशेने येतो, एका दिशेने जातो. तुमचा एसी सेकंदाला शंभर वेळा शब्द फिरवतो." आणि बाळू मध्ये बसून म्हणायचा, "मला दोन्ही लागले तरी चालतील, फक्त मेसमध्ये आज अंडी आहेत का ते सांगा." शॉकचा वाद आठवतो? एसी धरून ठेवतो की डीसी? तू पैज लावलीस, आणि वर्कशॉपच्या सरांनी तुझी ती पैज ऐकून तुला आठवडाभर मोटर वाइंडिंगला बसवलं. ती मोटर तू उलटी फिरवून दाखवलीस. अख्खी बॅच हसून लोळली होती आणि तू म्हणालास, "फिरली ना? मग?"

आणि शेवटी गेलास कुठं, तर रेल्वेत, पंधराशे व्होल्ट डीसीवर! 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती डीसीवर, हे तू मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलंयस. मग 2016 च्या एप्रिलमध्ये हार्बरवरचीही डीसी गेली, तेव्हा मला वाटलं होतं तुला फोन करावा, चिडवावं, 'जिंकलो बघ' म्हणावं. त्या बदलासाठी तू किती रात्री ब्लॉकमध्ये काढल्यास ते मला तुझ्या मेव्हण्याकडून कळत होतं. नाही केला फोन. 'जिंकलो' हा शब्द तुझ्यासमोर काढायचा मला अधिकार राहिलेला नाही. ते कसं, तेच लिहायला बसलोय, पण हात वळत नाही, म्हणून इकडचं तिकडचं चाललंय.

सिनेमातलं सांगतो. एडिसनचं दुखणं आपल्यासारख्याला लगेच कळतं. 4 सप्टेंबर 1882 ला त्याने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून डीसी सोडली, 110 व्होल्ट. एवढ्या कमी दाबावर मैलभर गेलं की व्होल्टेज ड्रॉपने दिवा मिणमिणायला लागतो. म्हणजे एक तर तांबं मनगटाएवढं जाड घाला, नाही तर मैला-मैलावर पॉवर हाउस बांधा. वेस्टिंगहाउसने 1886 मध्ये ट्रान्सफॉर्मर धरला. त्याच्याकडच्या विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन नावाच्या गावात मार्च महिन्यात तो चालवून दाखवला. दाब वाढवून लांब न्यायचा, दाराशी उतरवायचा. आपल्या गल्लीतल्या डीपीचा आजोबाच तो. तिथंच निकाल लागला होता खरं तर. टेस्लाने दोन वर्षांनी एसीवर चालणारी मोटर दिली आणि उरलंसुरलंही संपलं.

एडिसन हुशार होता, त्यालाही हे दिसलं असणार. दिसलं म्हणूनच त्याने दुसरी वाट धरली. एसी माणूस मारते, एवढंच दाखवत सुटायचं. हॅरोल्ड ब्राउन नावाचा एक माणूस पुढं झाला. कुत्री मारली, वासरं मारली, घोडा मारला, वार्ताहरांना बोलावून. सिनेमात घोड्याच्या वेळी सुमन उठून आत गेली. मग तुरुंगातली खुर्ची. फाशीऐवजी विजेने मारायचं ठरलं तेव्हा एडिसनला सल्ला विचारला होता, आणि त्याने सुचवलं की वेस्टिंगहाउसची यंत्रं वापरा. 6 ऑगस्ट 1890, ऑबर्नचा तुरुंग, विल्यम केमलर. सतरा सेकंद करंट दिला, मेला म्हणाले, आणि तो श्वास घेताना दिसला. पुन्हा करंट सोडला.

हे सगळं बघताना मी गप्प होतो. पण माझं पोट ढवळलं ते सिनेमा संपल्यावर. झोप येईना, म्हणून ओंकारच्या मोबाईलवर त्या काळाबद्दल वाचत बसलो, आणि जॉन फीक्स सापडला.

लाइनमन होता, रघू. 11 ऑक्टोबर 1889, न्यूयॉर्क. तारायंत्राच्या तारा, म्हणजे निर्धास्त, कमी दाबाच्या. त्यातल्या निकामी तारा काढायला तो खांबावर चढला. त्या तारेला कुठं तरी लांब, दुसऱ्या रस्त्यावर, एसीची उच्चदाबाची तार टेकलेली होती. ती त्याला दिसणार कशी? दुपारची जेवणाची सुट्टी, रस्ता माणसांनी भरलेला, आणि तो वर तारांच्या जाळ्यात अडकला. पाऊण तास. खाली हजारो लोक माना वर करून बघत होते.

बंद म्हणून धरलेली तार. पलीकडून आलेला करंट. खाली उभी माणसं, माना वर. मी मोबाईल उपडा ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो.

पण त्याच्या पुढचं ऐक. पुढच्याच महिन्यात 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' नावाच्या मासिकात एडिसनचा लेख आला, विजेच्या दिव्यांच्या धोक्यांवर. फीक्सच्या मरणाने शहर हादरलेलं होतं. एडिसनने ती वेळ साधली, आणि लिहिलं की तारा जमिनीखाली गाडून भागणार नाही, उच्चदाबाची एसी बंदच करा. डिसेंबरात त्याच मासिकात वेस्टिंगहाउसने उत्तर दिलं. दोघांचा वाद रंगला. फीक्सच्या घरात तेव्हा काय चाललं असेल, हे त्या वादात कुठं येणार?

एडिसनचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही. उघड्या तारांचं जाळं होतं, माणसं खरंच मरत होती. त्याने खरी गोष्ट हातात घेतली आणि समोरच्याला हरवायला वापरली.

मीही तेच केलं. बाळूच्या तेराव्याला.

तुला प्रत्येक शब्द पाठ असेल. चहाच्या टपरीवर आपण दहा-बाराजण होतो. तू म्हणत होतास, काम बंद करू, भरपाईचं लेखी मिळाल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. मी म्हणत होतो, चौकशी होऊ दे, आत्ता ताणू नको. पोरं तुझ्या बाजूने झुकत होती. मला तेवढंच दिसत होतं की मी हरतोय. आणि मी म्हणालो, "आधी हे सांग, दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं काम कुणाचं होतं?"

टपरी गार झाली. स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. तुझ्या हातात काचेचा ग्लास होता, तू तो फळीवर ठेवलास, सांडू न देता, अगदी हळू, आणि निघून गेलास. पोरं माझ्या बाजूला आली. काम बंद झालं नाही.

जे सगळ्यांना माहीत होतं ते खरंच होतं. 1996 चा जुलै. परमिट घेतलं होतं, एबी स्विच उघडून लाइन तोडली होती, तार जमिनीला जोडायच्या डिस्चार्ज रॉडचा एकच सेट होता, तो तू सबस्टेशनच्या बाजूला लावलास. बाळूने वर जंपर, म्हणजे दोन्हीकडच्या तारा जोडणारा तुकडा, उघडला आणि पलीकडची बाजू सुटी झाली. तिकडं टोकाला गुऱ्हाळाची एकुलती एक डीपी. लाइट गेली म्हणून मालकाने जनरेटर ओढला, जनरेटर लाइनपासून तोडणारा चेंजओव्हर नव्हता, आणि करंट डीपीतून उलटा चढला. अकरा हजार व्होल्ट होऊन.

आणि जे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं ते हे. दुसऱ्या सेटचा क्लॅम्प मे महिन्यातच तुटला होता. तो बॅटरी चार्जरच्या मागं कोपऱ्यात पडलेला होता, आणि सबस्टेशनला ड्युटी माझी होती. रजिस्टरला नोंद करायची ती मी केली नव्हती. दोन महिने. त्या सकाळी तू विचारलंस, "दुसरा सेट कुठाय?" आणि मी म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे, लाव एका बाजूला." माझेच शब्द. मला ते अजून माझ्याच आवाजात ऐकू येतात.

तू का बोलला नाहीस, रघू? टपरीवर एक वाक्य पुरलं असतं. चौकशीत तर तुला लेखी विचारलं होतं. तू तुझी सही केलीस, तुझी वेतनवाढ थांबली, पुढच्या वर्षी तू रेल्वेचा कॉल आल्याबरोबर ट्रंक उचललीस. माझं नाव कुठंच आलं नाही. सुरुवातीला मी स्वतःला समजवायचो की तुला आठवत नसेल. नंतर समजवायचो की तू मला वाचवलंस कारण माझं लग्न ठरलं होतं. आता मला यातलं काहीच समजवता येत नाही. तू मला चार लोकांत शिव्या घातल्या असत्यास तर मी कऱ्हाडच्या प्लॅटफॉर्मवर आलो असतो. तुझ्या गप्प बसण्याने मी स्टेशनबाहेर राहिलो. हा तुझ्यावर आरोप करत नाही, फक्त कसं झालं ते सांगतोय.

मला माफ कर. हे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

आता ओंकारचं. सिनेमा संपल्यावर तो मला सहज म्हणाला, "बाबा, तुमच्या वेळी तुमच्या सेक्शनला असं कधी झालं होतं?" मी म्हणालो, "नाही." पटकन, विचार न करता. तो म्हणाला, "मग तुम्ही सगळे चांगले होतात." आणि झोपायला गेला.

त्याला भिंतीवरचा बाळूचा ग्रुप फोटो माहीत आहे, त्याला बाळूकाका आजारपणात गेला असं मी सांगितलेलं आहे. बाळूच्या शालनवहिनी दर संक्रांतीला येतात, त्यांच्यासमोरसुद्धा तो तसंच बोलतो, आणि त्या माझ्याकडं एकदा बघतात आणि वाण देऊन जातात.

त्याला नोकरीला जाऊ नको म्हणू का? सुमनला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही जन्म काढलात, त्याचं काय होणार आहे?" पण तिला सगळं माहीत नाही. पोराला पुस्तकातलं सगळं येतं, माझ्यापेक्षा जास्त. हॉटस्टिक, नियॉन टेस्टर, शून्य ते अकरा केव्हीची क्लिअरन्स, तोंडपाठ. पण पाऊस पडत असतो, गावातले लोक फोनवर फोन करत असतात, वरून कुणी तरी म्हणत असतं, "अर्ध्या तासाचं काम आहे." त्या वेळी "दुसरा सेट आल्याशिवाय चढणार नाही" असं म्हणायला जे लागतं, ते पुस्तकात कुठं आहे? आणि तो जर फोनच्या दुसऱ्या टोकाला बसला, माझ्या जागेवर, तर? खरं सांगतो, मला त्याच्या खांबावर चढण्यापेक्षा या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त भीती वाटते.

म्हणून मागतोय. 1 तारखेच्या आधी आठ दिवस तो तुझ्याकडं कल्याणला येऊ दे. तुझ्या गँगबरोबर नको, तुमचे नियम आहेत. नुसता घरी राहू दे. संध्याकाळी त्याला घेऊन बस आणि त्या दिवसाचं सगळं सांग, तुझ्या बाजूने, माझे शब्द न गाळता. मीच सांगायला पाहिजे, हो. सांगणारच आहे. पण मी एकटा सांगायला लागलो तर कुठं तरी मध्ये स्वतःला सोडवून घेईन, मला माझी खोड माहीत आहे. तू समोर असलास तर तसं होणार नाही.

सिनेमाच्या शेवटाकडं 1893 चं शिकागोचं प्रदर्शन आहे, वेस्टिंगहाउसने अडीच लाख दिव्यांनी उजळवलेलं. त्याच जत्रेच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत सप्टेंबरात विवेकानंद बोलले, हे ओंकारला मी सांगितलं तर तो उडालाच. सिनेमात तिथं एडिसन आणि वेस्टिंगहाउस समोरासमोर येऊन बोलतात. खरे कधी तसे बोलले की नाही, मला त्याचं काही नाही. मी तो प्रसंग दोनदा मागं घेऊन बघितला. नंतर वाचलं की 1911 सालचं एडिसनच्या नावाचं पदक वेस्टिंगहाउसला मिळालं. आणि तुझी डीसीसुद्धा परत आली की! चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर, पाचशे केव्ही, डीसीच. ट्रेनिंगला पडघ्याला गेलो होतो तेव्हा त्या हॉलच्या बाहेर उभा राहून मला तुझीच आठवण आली होती. कल्याण तिथून हाकेच्या अंतरावर. तेव्हाही आलो नाही.

तुझं कसं चाललंय? रिटायरमेंटची तारीख कोणती? नातीचं बारसं झालं का, नाव काय ठेवलं? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं असं ऐकलं. त्यांना नमस्कार सांग.

उत्तर पत्रानेच पाठवायला पाहिजे असं नाही. फोन केलास तरी चालेल, मी उचलेन आणि "बरं आहे" म्हणून ठेवणार नाही.

तुझा,
दत्ता

ता.क. ओंकार वांगं खात नाही, बाकी सगळं खातो. त्याला कोयनाने पाठवतो, कल्याणला उतरेल. त्याच्याबरोबर मीही यायचं का, तेवढं कळव. आलो तर दारातच उभा राहीन, प्लॅटफॉर्मवर बघ.